तिसऱ्या उलटीनंतर

नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत हे माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही, बाळंतपणातल्यासुद्धा सगळ्या गोष्टी जिला सांगितल्या त्या बहिणीला नाही. ज्या दोघींना सगळं ठाऊक आहे त्या दोघींना मीच गप्प केलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसले आणि कळलं – तेही सोपं नाही.

कुठून सुरुवात करू? उलटीपासून करते. त्यातल्या त्यात ते सोपं आहे.

जालन्यात, मस्तगडला, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी जिम होती. वर वजन आपटलं की खालच्या मांडणीवरची पातेली खडखडायची आणि दुकानदार जिन्यात येऊन ओरडायचा. सकाळ-संध्याकाळ पुरुषांची बॅच, ती दुसरा ट्रेनर घ्यायचा. दुपारी बारा ते तीन लेडीज बॅच – ती माझी. वर पत्रे, एकच कूलर, त्यात निम्म्या वेळा पाणी नसायचं. एप्रिल-मेमध्ये लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. पोरी यायच्या त्या बहुतेक पोलीस भरतीच्या. गोळाफेकीला ताकद लागते म्हणून. दोघी-तिघी पॉवरलिफ्टिंग करायच्या. म्हणजे वजनाची सळई खांद्यावर घ्यायची, पूर्ण खाली बसायचं, उठायचं. याला स्क्वॉट म्हणतात. यात माझं कॉलेजात नाव होतं. राज्यस्तरावर तिसरी आले होते. एकशेवीस किलो.

व्यायामात उलटी का होते हे मला माहीत होतं. जोराचं काम चाललं की रक्त मांड्यांकडे, पाठीकडे धावतं. पोटाला उरत नाही. त्यात श्वास कोंडून, पोट आवळून वजन उचलायचं. त्यात ऊन. मग पोट जे असेल ते बाहेर फेकतं. मी आठ दिवसांचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. तिथं साफ शिकवलं होतं – उलटी झाली की थांबवा, वाऱ्याला बसवा, घोट घोट पाणी द्या, त्या दिवशी पुन्हा वजन नाही. मी वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि तरी माझ्या जिममध्ये उलटीला टाळ्या पडायच्या. कोपऱ्यात फिनाइल टाकलेली एक निळी बादली असायची. नवी पोरगी पहिल्यांदा त्या बादलीकडे धावली की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. मीही. “झाली गं पास!” मी म्हणायचे. पोरगी तोंड पुसत हसायची. लाजायची, पण हसायची. जिच्या पोटातून काही बाहेर पडलं नाही तिनं मेहनतच केली नाही, असं मी त्यांच्या डोक्यात घातलं होतं. एखादी आठवडाभर बादलीकडे गेली नाही तर मी टोमणे मारायचे. पोरी घाबरून मुद्दाम जेवून यायच्या – म्हणजे लवकर उलटी होईल आणि मॅडम सोडतील.

हे एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. असं करणारे खूप आहेत, आणि त्यांना कडक म्हणतात.

प्रज्ञा वडीगोद्रीची. वय वीस. जालन्याला खोली करून राहायची, शीतल नावाच्या मैत्रिणीबरोबर. दोघी माझ्याच बॅचला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. घर बौद्ध, साधं. आई लवकर गेलेली. गुरुजी दर पंधरा दिवसांनी एस.टी.नं यायचे – पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी, उकडलेली अंडी. जिन्यातच थांबायचे, वर लेडीज बॅच आहे म्हणून. मी खाली गेले की हात जोडायचे. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस – हात जोडायचा.

प्रज्ञाला पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हाच कळलं होतं. काही माणसांच्या पाठीत आणि कमरेत काहीतरी वेगळं असतं, ते शिकवून येत नाही. ती बोलायची कमी. वजन खांद्यावर घ्यायची तेव्हा डोळे मिटायची, आणि उठताना तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघत नसे. मी तिच्यावर खूप मेहनत घेतली. हे खरं आहे. पण हे सांगून मला काही कमावायचं नाही – पुढचं कळावं म्हणून सांगते.

एका शनिवारी जिल्हा संघटनेतले एक गृहस्थ निवड बघायला जिममध्ये आले होते. सगळ्या पोरी होत्या. प्रज्ञानं एकशे दहा उचललं. एकशे सतरा उचललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, एकशे पंचवीस लावा.”

मीच लावलं. माझ्या हातांनी.

ती बसली. खाली थोडी अडली – मी मनात म्हणाले, पड. हो, म्हणाले. ती पडली नाही. उठली. पोरी किंचाळल्या, शीतल रडायलाच लागली. ते गृहस्थ हसून म्हणाले, “मॅडम, तुमची पोरगी तर तुमच्याही पुढं गेली की!” मी प्रज्ञाला मिठी मारली. पेढे मागवले. फोटो आहे अजून माझ्याकडे, माझा हात तिच्या खांद्यावर, दात दिसतायत.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, मी सांगितलं. तोही तेच बोलून हसला. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी टेंभुर्णीला माहेरी गेले होते. आमची शेती बरी आहे, आडनावाला गावात वजन आहे – हे सांगणं भाग आहे. ओसरीवर चुलते बसले होते. तिथंही विषय निघाला. चुलत्यांनी विचारलं, “कोणाची पोरगी म्हन्ली?” मी आडनाव सांगितलं. ते सुपारी कातरत म्हणाले, “आता ते लोकं समद्यातच पुढं चाल्ले. आपल्या पोरी बसा मनाव टीव्ही पाहत.”

मी चिडले नाही, त्यांना अडवलं नाही. वाक्य ऐकलं आणि ते घेऊन आले. सोमवारी ते माझ्याबरोबर जिना चढून वर आलं.

आता सोमवार.

प्रज्ञा आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानं. म्हणाली, “मॅडम, कालपासून अंगात कसकस आहे. हगवण पण लागल्ती. आज हलकं करू का?” कूलर बंद होता. पत्रे तापून कडकड वाजत होते. मी म्हणाले, “एकशे पंचवीस उचलणाऱ्याला हलकं कशाला लागतं?” बाकीच्या सहा पोरी हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

साठ किलो लावलं. तिच्यासाठी ते काही फार नव्हतं. पण मी वीस वीसचे सेट सांगितले – वीस वेळा बसायचं-उठायचं, सळई खाली ठेवायची, तिसापर्यंत मोजायचं, पुन्हा वीस. किती सेट ते सांगितलं नाही. तिनं विचारलं तर म्हणाले, “मी सांगेन तेव्हा.”

चौथ्या सेटनंतर ती बादलीकडे गेली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग म्हणाले, “चल, पाचवा.”

सहाव्यानंतर पुन्हा. या वेळी नुसतं पिवळं पित्त. ती बादलीच्या काठाला धरून बसली होती, पाठ धपापत होती, आणि घाम येणं बंद झालं होतं. हे मी पाहिलं. घाम थांबला म्हणजे उष्माघाताची सुरुवात, हे मला माहीत होतं. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शीतल हळूच म्हणाली, “मॅडम, बस ना आता.” मी तिच्याकडे बघितलं फक्त. ती मागे सरकली.

सातवा. आठवा. आठव्यात तिच्या मांड्या लटपटायला लागल्या. गुडघे आत वळत होते. मी मागे उभी राहून सळईला वरून हात लावला – आधार द्यायला लावतात तसा. बघणाऱ्याला तसंच वाटलं असेल. मी खाली दाबत होते. ती उठत होती आणि मी दाबत होते. तिला ते कळलं. तिनं मान किंचित वळवली. सतरा, अठरा – आणि सळई तिच्या पाठीवरून मागे सुटली, धाडकन आपटली. मी मागे सरकले म्हणून वाचले. खालून दुकानदार ओरडायला लागला. प्रज्ञा गुडघ्यांवर पडली, बादलीपर्यंत पोचली नाही, आणि माझ्या बुटांवर ओकली.

मी तिला मारलं.

कानाखाली. उजव्या हातानं, पूर्ण ताकदीनं – आणि माझ्या हातात ताकद आहे. तिचं डोकं बाजूच्या स्टँडवर आपटलं. मग मी तिची वेणी मुठीत धरली आणि तिचं तोंड त्या मॅटवरच्या उलटीपाशी नेलं. म्हणाले, “पूस.” तिनं आपल्या ओढणीनं पुसलं. मॅट पुसली, माझे बूट पुसले. आणि ती पुसत असताना मी एक वाक्य बोलले. “तुमच्या लोकांची” – असं सुरू झालेलं. पुढचे शब्द लिहीत नाही. स्वतःला झाकायला नव्हे; मी काय बोलले असेन ते तुम्हाला बरोबर कळलं आहे. पण ते शब्द पुन्हा एकदा तिच्यावर टाकणार नाही. टेंभुर्णीच्या ओसरीवरून आणलेलं ते मी तिथं ओतलं, माझं स्वतःचं काही त्यात घालून.

रागाच्या भरात, म्हणाल? राग तेवढ्यावर उतरायला हवा होता. मी तिला उभं केलं आणि आणखी दोन सेट करून घेतले. मोकळ्या सळईवर. ती प्रत्येक वेळी खाली बसली की मी वाट बघायचे. तिनं “सोडा” म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ती म्हणाली नाही. चाळीस वेळा बसली आणि उठली.

त्या दिवशी जिना ती बसून उतरली. एकेक पायरी, हातांवर जोर देत, शीतलच्या मदतीनं.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक. “मॅडम, मांड्या लई सुजल्या. आन् लघवीला कोऱ्या चहासारखं होऊन राह्यलं. काळं.”

मी स्वयंपाकघरात उभी होते. याबद्दलही त्या कोर्समध्ये एक तास होता. व्यायामाचा अतिरेक झाला, तोही तापात आणि उन्हात, तर स्नायू फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन अडकतं. लघवीचा रंग हीच खूण. लगेच दवाखाना, लगेच सलाईन. मला आठवलं का? आठवलं. अगदी ती बोर्डवर खडूनं काढलेली आकृती आठवली. मी म्हणाले, “गरमीनं होतं. पाणी पी भरपूर. आणि कुणाला सांगत बसू नको, घाबरवशील गुरुजींना.”

एक दिवस गेला.

बुधवारी दुपारी शीतलचा फोन – ती उठत नाही, सारखी ओकते आहे. मी गाडी काढली. दोघींनी मिळून तिला उचलून आणलं. पॅन्ट मांड्यांवर इतकी घट्ट बसली होती की शिवण उसवली होती. नवऱ्याच्या ओळखीचा एक छोटा दवाखाना होता, तिथं नेली. डॉक्टर तरुण होता, मन लावून विचारत होता. “ताई, व्यायाम किती केला होता हिनं?”

याचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते दिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

मी म्हणाले, “विशेष काही नाही. सोमवारी बरं नव्हतं तिला, मी हलकंच दिलं. पण या पोरी बाहेरून कसल्या कसल्या पावडरी घेतात हो, आपल्याला सांगत नाहीत.”

प्रज्ञा कॉटवर होती. डोळे उघडले तिनं. म्हणाली, “न्हाई – मॅडम – मी –” मी तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाले, “तू बोलू नको बाळा, दमशील.” डॉक्टरला वाटलं किती मायाळू आहेत. शीतल दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून म्हणाले, “हो ना गं शीतल?” शीतलचा भरतीचा फॉर्म भरायचा होता, माझ्या ओळखी होत्या, माझ्याशिवाय तिला या शहरात कुणी नव्हतं. ती म्हणाली, “हो, घ्यायची कधी कधी.” म्हणजे मी एकटीच खोटं बोलले असंही नाही. दुसरीलाही बोलायला लावलं. सोमवारी जिममध्ये असलेल्या बाकीच्या पाचजणींना कुणी विचारलंच नाही.

रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आले. स्नायू फुटले तरी ते वाढतात, पण डॉक्टरला पावडर सांगितलेली होती. त्यानं पावडरचा परिणाम धरला. पाय दुखतात म्हणून वेदनेचं इंजेक्शन दिलं – मूत्रपिंडाला जे देऊ नये तेच. म्हणाला, “ती पावडर मिळाली तर आणा, बरं पडेल.”

आणि मी आणली.

हे मला सगळ्यात जड जातं आहे. थप्पड लिहून झाली, पण हे – मी जिममध्ये गेले. कपाटाच्या वर पुरुषांच्या बॅचमधल्या कुणीतरी टाकून दिलेला एक डबा होता, लेबल फाटलेलं, तळाला चार चमचे पावडर. मी तो फडक्यानं पुसला. पुसला – म्हणजे माझ्या बोटांचे ठसे राहू नयेत असलं काही डोक्यात होतं, सिनेमातल्यासारखं. पिशवीत घातला, दवाखान्यात नेला आणि म्हणाले, “हिच्या खोलीत सापडला.” शांतपणे.

दीड दिवसात लघवी पूर्ण बंद झाली. चेहरा सुजला, श्वास लागला. मग औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नुसत्या मांड्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, “हा व्यायामाचा मार आहे. आधी का सांगितलं नाही? वेळेवर सलाईन लागलं असतं तर हिला डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागलं नसतं.” तेव्हा गुरुजी आले होते. वडीगोद्रीहून, पायात घरातली चप्पल. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. अजूनही वेळ होती. मी म्हणाले, “खोलीवर चोरून करत असेल, सर. स्पर्धेची घाई झाली होती तिला. मी किती वेळा सांगितलं.”

डबा तोपर्यंत गुरुजींच्या हातात पोचला होता. ते तो उलटासुलटा करून बघत होते. शिक्षक माणूस, फाटलेलं लेबल वाचायचा प्रयत्न करत होते.

मग ते कॉटपाशी गेले. प्रज्ञाच्या मानेत मशीनची नळी घातलेली, तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. ती म्हणाली, “पप्पा, मी न्हाई घेतलं कायी. मॅडमनीच –” आणि गुरुजींनी तिला मारलं. गालावर. एकच. ज्या माणसानं पस्तीस वर्षांच्या नोकरीत पोरांवर छडी उगारली नाही असं सगळं गाव सांगायचं, त्यानं मशीनवरच्या पोरीला मारलं. “ज्यांनी तुला उचलून आनलं त्यांच्यावर आळ घेती? लाज वाटू दे!” आणि मग भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले.

मी काय केलं? मी गुरुजींचा हात धरला. म्हणाले, “असू द्या गुरुजी. पोर आहे. घाबरली आहे.”

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. रागानं असेल असं तुम्हाला वाटेल. राग नव्हता. एखादं जनावर आपल्याला मारणाऱ्याच्या हाताकडे बघतं – आता काय करेल म्हणून – तसं बघत होती. त्यानंतर ती कधी काही बोलली नाही. कुणाशीच, या बाबतीत. शब्द खरा असून मार खाल्ल्यावर माणूस कशाला बोलेल?

तीन आठवडे मशीन लागलं. मूत्रपिंडं थोडी सुधारली, पूर्ण नाही. वजन उचलणं कायमचं बंद, भरतीचा विषय संपला. आता ती वडीगोद्रीला, हायवेच्या कडेला, झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. लग्न केलं नाही की झालं नाही, ते मी विचारलेलं नाही. मीठ कमी, पाणी मोजून, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. शीतल पोलिसात लागली. माझा फोन ती उचलत नाही.

आणि मी? माझी जिम मोठी झाली. आता तळमजल्यावर आहे, एसी आहे. उलटी झाली की मी पोरीला लगेच बसवते, पाणी देते, घरी पाठवते. पोरींच्या आया म्हणतात, मॅडम फार काळजी घेतात. मी ऐकून घेते.

या वर्षांत गुरुजी मला चार वेळा भेटले. दोनदा जालन्याच्या बाजारात, एकदा एका लग्नात, एकदा मुद्दाम घरी आले होते, नव्या तुरीची डाळ घेऊन. चारही वेळा त्यांनी हात जोडले. “तुमच्यामुळं लेकरू वाचलं, मॅडम. तिनं तुमच्यावर आळ घेतला, ते मनात ठेवू नका.” चार वेळा मला सांगता आलं असतं. घरी आले तेव्हा तर आम्ही दोघंच होतो. मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. जाताना म्हणाले, “तवापासून ती माझ्याशी फार बोलत न्हाई. माझ्यानंच हात उचलला गेला. पन ती खोटं कशाला बोल्ली, तेच समजत न्हाई.” हे माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून बोलले. मी म्हणाले, “वय असतं ते, गुरुजी.”

गेल्या महिन्यात गुरुजी वारले. झोपेतच गेले. मुलगी खोटं बोलली, हे मनात घेऊन गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी वडीगोद्रीला गेले. मंडपात सगळे पांढऱ्या कपड्यांत. भन्तेजींची वंदना झाली, मग एकेक जण उठून गुरुजींबद्दल दोन शब्द बोलायला लागला. मी मागे बसले होते. निवेदकानं माझं नाव घेतलं – गुरुजींच्या कन्येचे प्राण ज्यांनी वाचवले त्या मॅडम आज आपल्यात आहेत, त्यांनी पुढं यावं. लोकांनी वाट करून दिली. माझ्या हातात माइक दिला.

प्रज्ञा पहिल्या रांगेत होती. पांढरी साडी, केस मागे बांधलेले, मनगटं पूर्वीपेक्षा निम्मी. समोर तीनशे माणसं तरी असतील – तिचे नातेवाईक, गुरुजींचे विद्यार्थी, गाव. सांगायचं असतं तर त्याहून बरी जागा नव्हती. मेलेल्या माणसाला नाही, पण जित्या माणसांना तरी कळलं असतं.

मी म्हणाले, “गुरुजींनी मुलीसाठी फार सोसलं. मी केलं ते माझं कर्तव्यच होतं.”

प्रज्ञानं मान वर केली आणि मी बोलून होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग लोकांनी हात जोडले. मीही जोडले, माइक परत दिला आणि मंडपातून चालत जाऊन गाडीत बसले.